पाहुणीची बॅग

१

डोकं गेलं होतं. धड जागेवर, पाय जागेवर, आणि डोक्याचा खळगा रिकामा.

शुक्रवारी सकाळी दुकानाच्या मालकांनी कपाटातली पेटी उघडली तेव्हा त्यांना हे दिसलं. ते आधी पेटीखाली वाकून बघायला लागले, मग टेबलाखाली, मग स्वतःच्या खिशात. मती गुंग झाली की माणूस जिथे वस्तू असूच शकत नाही तिथे आधी शोधतो.

दुकान वाद्यं दुरुस्त करण्याचं, त्यातही फक्त फुंकून वाजवायची. तारा आणि कातडं यांना तिथे मज्जाव. पेटीतली फ्लूट काळ्या लाकडाची, जुनी, तीन तुकड्यांत सुटणारी. मधला तुकडा धड, खालचा पाय, आणि फुंकर मारायचं भोक ज्यात असतं तो वरचा वीतभर तुकडा म्हणजे डोकं. वाद्याचा सूर सगळा तिथे. धड आणि पाय नवे करता आले असते. ते डोकं कोरणारा माणूस मात्र कधीच मातीला मिळाला होता.

विमा कंपनीनं मंगळवारी आपल्या तपासनीस बाईंना पाठवलं. बाईंची अर्धी हयात या कामात गेली होती. लोक माणसांवर संशय घेतात, बाई आधी वस्तूवर घेत: ही खरंच हरवली आहे, की हिला कुणीतरी विश्रांती दिली आहे?

मालकांनी बसायलाही न सांगता निकाल देऊन टाकला. "दुसरं कोण घेणार? कपाट दिवसभर उघडंच असतं, कुलूप लागतं ते शेवटी. काका आहेत, ते माझ्या वडिलांच्या वेळचे कारागीर. वहिनी आहेत, त्या घरच्या. मी आहे, तो मी आहे. आणि राहिली ती, गुरुवारी कामावरून उठून, बॅग खांद्याला लावून, थेट परदेशी गेलेली आमची"

२

पाहुणी.

दुकानात तिला हेच म्हणत. चार दिवस असते, मग जाते, परत येते तर अर्धी झोपलेली. तिचा माणूस समुद्रापलीकडच्या एका देशात, तिथल्या रुग्णालयात रोग्यांना भूल द्यायचं काम करायचा. लग्न झालेलं, संसार मांडायचा राहिलेला. सुट्टी आणि रविवार जोडून ती त्याच्याकडे जायची आणि सोमवारी सकाळी विमानतळावरून थेट टेबलावर येऊन बसायची.

या सोमवारी ती अशीच आली. मालकांनी दारातच बॅग काढून घेतली, सगळ्यांसमोर उलटी केली आणि झटकली. कपडे पडले, चपला पडल्या. डोकं पडलं नाही. मालकांनी बॅग जप्त करून ऑफिसात कुलपात टाकली.

ती आता बाईंसमोर टेबलावर होती. करडी, जाड कापडाची, बरीच हिंडलेली. बाईंनी आत कोपरापर्यंत हात घातला. अस्तर चहूबाजूंनी चाचपलं. ते खालपर्यंत ताठ आणि गुळगुळीत होतं, शिवण जागच्या जागी. कपड्यांचा ढीग शेजारी होता.

"तुझीच बॅग?"

"माझीच."

"सारखी जातेस म्हणे."

"मालकांना सारखी वाटते. आम्हाला अधूनमधून वाटते."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी चष्म्यामागे ठेवलं. ढिगातून एक जाड लोकरी स्वेटर त्यांनी उचलला. घडी न मोडलेला.

"तिकडे थंडी आहे?"

"छे, घामाच्या धारा."

"मग हा?"

"होता बॅगेत," ती म्हणाली आणि तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण बाईंनी चोर पुष्कळ पाहिले होते, ते स्वेटरला लाजत नसत.

"हे बघ पोरी, स्पष्ट सांगते. डोकं नाही सापडलं तर मालक पोलिसात जाणार. तक्रारीशिवाय कंपनी भरपाई देत नाही. आणि तक्रारीत नाव तुझं."

"माहीत आहे. शुक्रवारी माझी वकिलातीत मुलाखत आहे. कायमचं तिकडे राहायच्या परवान्याची. पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला फाइलीत लावलाय. माझं नाव एकदा तक्रारीत गेलं की तो दाखला रद्दीत, आणि मी..." तिनं वाक्य सोडून दिलं. तिच्यासमोर टेबलावर पत्र्याचं एक लांबट नळकांडं होतं. तिनं उगाच झाकण काढलं, आतला ओला स्पंज दाबून पाहिला. जुनं लाकूड वाळलं की तडकतं, म्हणून तिथे प्रत्येक कारागिराकडे असं एक नळकांडं असे. "दोन वर्षं वाट पाहिलीय, बाई. फिरून अर्ज करायचा म्हणजे परत पहिल्यापासून रांगेत."

बाई मालकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "गुरुवार संध्याकाळपर्यंत थांबा. त्याआधी पोलिसांकडे गेलात तर मी माझ्या अहवालात लिहीन की कपाट दिवसभर उघडं असतं."

मालक थांबायला तयार झाले.

३

(वहिनींची उत्तरं. काउंटर त्यांच्याकडे असतो. त्या मालकांच्या भावजय. प्रश्नांची त्यांना गरज पडली नाही.)

"बसा ना. नाही, ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या."

"मला विचाराल तर पोरगी वाईट नाही. तिचे शुक्रवार मला निस्तरावे लागतात म्हणून मी चिडते, ते वेगळं. गिऱ्हाईक विचारतं, त्या ताई कुठायत? मी म्हणते, हवेत."

"तो भूल देतो ना? पहिला प्रयोग आमच्या पोरीवरच केला, अजून शुद्धीवर आलेली नाही."

"गुरुवारी? सगळे इथेच. बॅग तिच्या टेबलाखाली, नेहमीसारखी. तिच्याआड पाय ठेवून काम करते ती. दुपारी ती बाहेर गेली होती, फोटो काढायला, त्या परवान्यासाठी. आल्यावर दाखवला मला. म्हटलं, हा बघून कुणी देशात घेणार नाही गं."

"काका ना, ते दोन दिवस जेवले नव्हते. डबा तसाच परत. कशानं ते नाही सांगत. वयच झालं."

"नाही हो, शुक्रवारी उलट बरे होते! भाऊजी नाचतायत थयथया, मी रडकुंडीला आलेय, आणि काका आपले चहा पितायत. म्हणाले, पोलिस-बिलिस काही नको, वस्तूला पाय फुटत नाहीत, सोमवारपर्यंत थांबा, सापडेल. म्हातारी माणसं कशी धीराची असतात बघा."

"सोमवारी मात्र त्यांचं अवसानच गेलं. भाऊजींनी बॅग झटकली, त्यातून काही पडलं नाही, आणि काकांनी खुर्ची धरली. मी पाणी दिलं. लेकीसारखं शिकवलं होतं ना तिला."

"मी? मी कशाला घेऊ डोकं? मला माझंच पुरे झालंय."

४

ज्याची फ्लूट होती तो वादक दौऱ्यावर होता. रविवारी दुसऱ्याचं वाद्य उसनं घेऊन निघून गेला होता, महिनाभर परतणार नव्हता. फोनवर मागे कुणीतरी सूर लावत होतं.

"सभागृहं मोठी झालीत, बाई. त्या फ्लूटचा आवाज गोड, पण तिसऱ्या रांगेत विरघळतो. म्हणून मी म्हटलं, भोक थोडं मोठं करून द्या. शुक्रवारी काम होणार होतं, शनिवारी मी नेणार होतो."

"मालक तयार होते?"

"एका पायावर. ते म्हातारे कारागीर तेवढे मागे लागले. नक्की ना? नक्की ना? तीनदा विचारलं. मी म्हटलं, काका, वाजवायचं मला आहे ना? तेव्हा गप्प झाले. फार गप्प झाले, आता आठवतंय."

फोन ठेवताना त्याने विचारलं, "सापडेल ना हो?" आवाज असा, की जवळचा माणूस हरवलाय. बाईंनी त्याचं नाव मनातल्या मनात खोडलं. आपल्या वाद्याबद्दल तो मूर्ख असेल, खोटा नव्हता.

मालकांचं नावही त्यांनी जवळपास खोडलं. कापताना जुनं लाकूड दुभंगलं तर दोष आपल्यावर येईल ही भीती मालकांना होती का? होती, त्यांनी सरळ कबूल केलं. "पण कापणार काका होते. काकांच्या हातून आजवर काही दुभंगलेलं नाही."

म्हणजे उरले काका, आणि काका स्वतःहूनच दारात येऊन उभे होते आणि त्यांचा पहिलाच प्रश्न होता,

५

"अस्तरात पाहिलंत का?"

"कशाच्या?"

"तिच्या बॅगेच्या. खाली कोपऱ्यात फाटलंय ते. बोट नाही, अख्खा हात जातो. मालकांनी नुसती झटकली. झटकून अस्तराच्या आतलं कसं पडेल? नीट हात घाला."

काका बारीक चणीचे होते. बोलता बोलता ते आपल्या टेबलाशी गेले. तिथे बशीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक लाकडी तुकडा होता. त्यांनी फडक्यावर पाण्याचे चार थेंब सोडले.

"तुम्हाला वाटतं तिने घेतलं?"

"तसं नाही म्हणालो मी. अनवधानानं जातं माणसाकडून. पोरगी धांदरट आहे, सगळं लक्ष तिकडे. पण हात सोन्याचा आहे तिचा. तुम्ही फक्त अस्तरात बघा, तिथे असेल, आणि मग मालकांना म्हणावं, झालं गेलं विसरा."

"पाहिलंय मी. अस्तर चाचपलं. काही नाही."

काकांच्या हातातली वाटी कलंडली. पाणी टेबलावरून जमिनीवर गेलं, ते त्यांना कळलं नाही.

"काही नाही?"

"नाही."

 त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा बदलला होता. एखाद्या घराचे दिवे कुणी आतून मालवावेत तसा.

"मग तिनंच नेलं," ते म्हणाले. "लिहून घ्या माझं नाव घालून. तिनं काढून घेतलं आणि तिकडे ठेवून आली. मी शिकवलेल्या पोरीनं. द्या पोलिसात."

बाईंनी आजवर खोटी साक्ष देणारे ऐकले होते. हा माणूस खोटं बोलत नव्हता. छातीवर हात ठेवून सांगता आलं असतं, की काकांना खरोखर वाटत होतं की पाहुणी चोर आहे.

आणि तरीही

६

अस्तर फाटलेलं नव्हतं.

बाईंनी बुधवारी ती बॅग पुन्हा उलटी केली, बाहीसारखी. उन्हात धरली. एक टाका उसवलेला नाही, कुठे शिवल्याची खूण नाही.

म्हणजे काका खोटं बोलले? पण खोटं बोलणारा असं खोटं कशाला बोलेल, जे हात घातल्याबरोबर उघडं पडावं? आणि स्वतःच वर, हात घाला, हात घाला म्हणून मागे लागावं?

हे कोडं डोक्यात घेऊन त्या घरी आल्या. नवरा पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. तीस वर्षं एका छताखाली काढल्यावर त्यांच्यात बोलणं असं फारसं होत नसे, नुसती देवाणघेवाण.

"आज दोन चष्मे कशाला?" तो म्हणाला.

"कुठे दोन?"

"एक नाकावर, एक टेबलावर."

बाईंकडे सारखे दोन चष्मे होते. एक ऑफिसात राहायचा, एक घरी, म्हणजे ने-आण नको. आज विचारात त्या ऑफिसचा घालूनच घरी आल्या होत्या. त्यांनी नाकावरचा काढून टेबलावरच्या शेजारी ठेवला. तीच काडी, तीच काच. घरच्याच्या काडीवर मात्र नवऱ्यानं एकदा बसून केलेला वाक होता.

"चष्मा एकच आहे असं समजून कुणी बघितलं," बाई सावकाश म्हणाल्या, "तर त्याला वाटेल, वाकडी काडी आपोआप सरळ झाली."

"चहा घेतेस का?" नवऱ्यानं काळजीनं विचारलं.

बाई तोवर पर्स उचलून पुन्हा दाराबाहेर पडल्या होत्या.

७

पाहुणीच्या खोलीत मुलाखतीची फाइल, इस्त्री केलेले कपडे आणि तिचं तोंड, सगळं परवाच्या तयारीत अर्धवट होतं.

"दुसरी बॅग कुठाय?" बाईंनी उभ्यानंच विचारलं.

तिच्या कानांच्या पाळ्या परत लाल.

"अगं, लाजायचं नंतर. तुझं उभं आयुष्य टांगलंय. दोन आहेत ना सारख्या?"

"हसाल तुम्ही."

"मी विमा कंपनीत आहे. आम्हाला हसायची परवानगी नसते."

मग तिनं सांगितलं. बॅगा दोन, एकाच दिवशी घेतलेल्या. पहिल्यांदा ती त्याला भेटून परत निघाली तेव्हा तिनं रिकाम्या केलेल्या कपाटाकडे बघून तो म्हणाला होता, हे असं नको, हे तू गेल्यासारखं दिसतं. तेव्हापासून त्यांचं ठरलं. त्याच्या पलंगाखाली तिची एक बॅग कायम भरलेली असायची. ती इथून जी भरून न्यायची ती तिकडे उघडायचीच नाही. ती तशीच पलंगाखाली सरकवायची, आणि गेल्या खेपेची तिथे असलेली बाहेर काढून त्यातले कपडे वापरायचे. परत येताना तीच घेऊन यायची. भरलेली बॅग घरात आहे म्हणजे बायको येणार आहे. पुढच्या खेपेची ती जामीन.

"म्हणून उन्हाळ्यात स्वेटर," बाई म्हणाल्या.

"मागच्या खेपेला थंडी होती ना. तेव्हा भरलेली ती."

"आणि गुरुवारी इथून नेलीस तिचं अस्तर?"

पाहुणी चमकली. "तुम्हाला कसं माहीत? त्याच दिवशी सकाळी फाटलं, कपडे भरताना, बुटाच्या टाचेनं. अख्खा हात जाईल एवढं. म्हटलं तो शिवेल, टाके त्याला बरे जमतात. पण ते मी कुणालाच बोलले नाही. त्यालासुद्धा सांगायचं राहिलं."

"एकाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आणि ते माहीत व्हायला तुझे सगळे कपडे बाजूला सारून तळापर्यंत हात घालावा लागतो."

८

गुरुवारी दुपारी दुकानाचं दार लोटून घेतलं. मालक, वहिनी, काका, पाहुणी. पाहुणीच्या आणि काकांच्या मध्ये एक टेबल आणि बरंच काही होतं.

"मालक," बाईंनी सुरुवात केली, "तुमच्याकडे चोरी झालेली नाही. लपवाछपवी झाली आहे. चोराला वस्तू हवी असते. इथे एकाला फक्त शुक्रवार नको होता. शुक्रवारी त्या डोक्याचं भोक मोठं करायचं होतं. शनिवारी वादक यायचा, रविवारी महिनाभरासाठी जायचा. डोकं चार दिवस दिसेनासं झालं असतं तर काम आपोआप पुढे गेलं असतं. मग सोमवारी ते टेबलामागे पडलेलं सापडायचं. सगळे म्हणणार, हात्तिच्या!"

"पण चार दिवस ठेवणार कुठे?" वहिनी म्हणाल्या. "भाऊजींनी माळाही उपसला."

"म्हणूनच दुकानात नाही. अशा जागी, जी स्वतःच गुरुवारी उठून जाते आणि सोमवारी परत येऊन टेबलाखाली बसते. घड्याळाच्या लंबकासारखी. तुम्ही सगळे तिला पाहुणी म्हणता, पण तिच्या नेमावर तुमच्यातल्या एकाचा पुरा भरवसा होता. शुक्रवारी घर पेटलेलं असताना तो चहा पीत म्हणाला, सोमवारी सापडेल."

वहिनींचा हात तोंडावर गेला.

"सोमवारी बॅग आली, मालकांनी झटकली, त्यातून काही पडलं नाही. त्याला वाटलं, अस्तरात अडकलं असेल. फाटकं अस्तर त्याने गुरुवारी दुपारी पाहिलेलं होतं, ती फोटो काढायला गेली तेव्हा. बॅग तर कुलपात. म्हणून तो मला म्हणाला, हात घाला. मी घातला. हिचं अस्तर धड आहे, कारण ही ती बॅगच नाही. ती बॅग तिकडे पलंगाखाली आहे, न उघडलेली."

बाई काकांच्या टेबलाकडे वळल्या. ओलं फडकं, बशी. "आणि दुकानात प्रत्येकाकडे स्पंजचं नळकांडं आहे, काका. तुमचं कुठाय?"

काका उठले नाहीत. त्यांचा आवाज मात्र स्पष्ट होता. "लाकडाला एकदाच तोंड फुटतं. ते कोरणाऱ्यानं फोडलेलं. त्यावर मी कानस कशी चालवू? मालक ऐकेनात, वादक ऐकेना. मला चार दिवस हवे होते फक्त."

"माझ्या वडिलांच्या वेळचे तुम्ही!" मालक ओरडले. "मला नाही म्हणता येत नव्हतं?"

"म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, काका, तुमचं वय झालं."



पाहुणी टेबलाला वळसा घालून काकांसमोर आली. "काका, तुम्ही मला चोर म्हणालात."

"माझ्या या हातांनी ठेवलं होतं गं तुझ्या बॅगेत. बॅग आली, ते आलं नाही. मग मी काय समजायचं?"

"विचारायचं."

"विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं."

"हो," ती म्हणाली. "तेवढंच लागलं असतं."

९

फोन लागायला वेळ लागला. तिकडे तो कामावरून नुकताच घरी आला होता, डोक्यावरची हिरवी टोपी काढायची राहिली होती. वहिनींनी पुढे होऊन त्याला नीट पाहून घेतलं.

"पलंगाखालची बॅग काढ," पाहुणी म्हणाली.

त्याने काढली. पडद्यावर करडं कापड दिसलं, मग थांबलं.

"आता उघड."

"ही? उघडायची?" तो म्हणाला. "आपलं ठरलंय ना?"

"माहीत आहे रे मला."

"तू येणार नाहीयेस का?"

 मालक भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होते.

"येण्यासाठीच उघड," ती म्हणाली. "तळाशी अस्तर फाटलंय, त्यात हात घाल."

चेन ओढल्याचा आवाज आला. कपडे बाजूला झाले. हात गेला, अडकला, आणि बाहेर आला तो पत्र्याचं नळकांडं घेऊन, एका कडेला चेपलेलं.

"काकांचंच!" वहिनी म्हणाल्या. "माझ्या हातून पडून चेपलं होतं ते."

काका आता फोनला नाक लावून उभे होते. "सावकाश. झाकण फिरवा, ओढू नका. स्पंज?"

"जवळजवळ कोरडा."

"डोकं काढा. खिडकीत न्या. उजेडाकडे धरून हळूहळू फिरवा. केसाएवढीही रेघ दिसते का बघा. भोकाच्या कडेला आधी."

भूल देणाऱ्या माणसाने ते लाकूड दोन बोटांत धरलं आणि फिरवलं. त्याच्या हाताला अशा थांबून बघण्याची सवय होती. काकांचे ओठ हलत होते.

"नाही. रेघ नाही."

काकांनी डोळे मिटले. "स्पंज भिजवा. पिळून घट्ट झाकण लावा. आणि त्याच्याशी बोलू नका, कपाळाला लावू नका, फुंकू तर मुळीच नका."

"नाही फुंकत," तो गांभीर्याने म्हणाला.

१०

बाईंच्या अहवालात शेवटी एवढंच होतं: वस्तू सुरक्षित आहे, कामाच्या वेळेत चुकीच्या बॅगेत गेली होती, दावा मागे घेण्यात येत आहे. चुकीची कुणाच्या दृष्टीनं, ते विचारायला कंपनीला सवड नसते.

मालकांनी वादकाला फोन लावला आणि बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मोठ्या सभागृहांसाठी नवं डोकं कोरून देऊ. जुन्याला हात लावणार नाही. काका आणि पाहुणी मिळून कोरतील, ती इथे आहे तोवर." काकांकडे न बघता म्हणाले, पण ऐकू जाईल असं.

"आणि पोलिसात?" काकांनी विचारलं.

"जायचंय तर तुमचे तुम्ही जा, मला उद्या दुकान उघडायचंय. तू गं," ते पाहुणीकडे वळले, "उद्या सुट्टी. मुलाखतीला वेळेवर जा. तिथे झोपू नकोस."

काकांनी बशीतलं फडकं पिळलं. मग स्वतःची खुर्ची ओढून पाहुणीच्या टेबलाशी नेली. "काळं लाकूड आहे माझ्याकडे ठेवलेलं," ते म्हणाले. ती अजून त्यांच्याकडे पाहत नव्हती. पण तिनं टेबलावरचा पसारा हाताने सारून जागा केली.

बाई चष्मा पुसत निघाल्या तेव्हा टेबलावरून आवाज आला. सगळे फोन विसरले होते. तो तसाच पडला होता, छताकडे तोंड करून, आणि त्यात तो अजून होता.

"अगं, ऐकतेस? हे तुझे कपडे सगळे पलंगावर पसरलेत. परत भरून ठेवू ना बॅगेत?"

पाहुणीनं फोन उचलला. सोबत आणलेल्या फाइलीकडे एकदा पाहिलं. दाखला आत होता, कोरा करकरीत.

"नको," ती म्हणाली. "कपाटात लाव."